आल्बमच्या आडचे सतरा

माझं कर्जतला झेरॉक्सचं दुकान आहे. म्हणजे झेरॉक्स, लॅमिनेशन, वह्या-पेनं, लग्नपत्रिकांच्या ऑर्डरी, आणि लोकांनी अर्जात केलेले घोळ फुकटात निस्तरणं. रविवारी दुपारी दोन ते पाच मी शटर अर्धं खाली ओढते आणि आत आम्ही चार धडधाकट माणसं राक्षस मारत बसतो. यात लपवण्यासारखं काही नाही. ज्याला आधार कार्डाची कॉपी अगदीच अडली असेल त्यानं वाकून आत यावं, राक्षस तेवढा वेळ थांबतो.

सासूबाईंची समजूत आहे की आम्ही सोंगट्या खेळतो. ती मी दुरुस्त केली नाही, कारण खरं सांगायला जावं तर ते जास्त येडपटासारखं वाटतं. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मंत्र मारणारा. समोर खिंड आहे, खिंडीत राक्षस बसलाय, बोला, काय करता? ज्यानं त्यानं आपलं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस तोंडांच्या फाशानं ठरवायचं. मोठा आकडा पडला तर जमलं, छोटा पडला तर बोंबललं. प्रत्येकाला मोजके जीव, घाव लागला की त्यातले काही जातात. गोष्ट सांगणाऱ्याला पुस्तकात गेम मास्टर म्हणतात. माझा दीर पहिल्याच दिवशी म्हणाला, "म्हंजे सरपंच." तेव्हापासून पाच वर्षं मी बिनविरोध सरपंच आहे.

पुस्तक आलं ते असं. पळसदरीच्या फार्महाऊसवर शनिवार-रविवार येणाऱ्यांपैकी एक जण भलंमोठं इंग्रजी पुस्तक घेऊन दुकानात आला. दोन प्रती काढायला सांगितल्या, एक घेऊन गेला आणि दुसरी विसरला ती विसरलाच. महिनाभर वाट बघून मी ती वाचायला घेतली. बीए केलंय मी, कधीतरी त्याचा उपयोग नको का व्हायला? त्या प्रतीत माझ्या हातून एक घोळ झाला होता, जो प्रत्येक झेरॉक्सवाल्याकडून होतो: दोन पानं चिकटून एकदम उलटली. आणि नेमकं गेलं ते मरणाचं पान. एका पानाच्या तळाला लिहिलं होतं, पात्राचे सगळे जीव संपले तर, आणि पुढच्या पानावर थेट घोड्यांचे प्रकार सुरू.

मग असं ठरलं की ज्याचे जीव शून्यावर येतील त्याचं काय करायचं ते सरपंच ठरवेल. सरपंचानं कधी कोणाला मारलं नाही. कोणी बेशुद्ध पडायचं, कोणी कैदेत जायचं. एकदा तर दिराचा योद्धा शून्यावर आला तेव्हा मी एक गाढवीण आणली आणि तिनं त्याला शेपटीला धरवून नदीपार नेलं. लोक हसले, चहा प्याले, घरी गेले. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

आमच्यातले काका पळसदरीचे. रेल्वेत गार्ड होते, आता रिटायर. दर वर्षी हयातीच्या दाखल्याची कॉपी काढायला माझ्याकडे येतात. एकदा मी म्हटलं, "काका, तुम्ही समोर उभे आहात की, कागद कशाला?" तर म्हणाले, "पोरी, मी उभा आहे हे तुला दिसतं, ऑफिसला दिसत नाही. कागद पाहिजे." याच माणसाला मी खेळायला बसवलं, म्हणजे चूक माझीच. त्यांनी पुस्तक पाठ केलं. जादूगार झाले आणि मंत्र म्हणायच्या आधी पान नंबर सांगायला लागले. नियमावर कोणी वाद घातला की त्यांचं एकच ठरलेलं: "सिग्नल लाल म्हणजे लाल. गुलाबी नसतो."

त्यांच्या बरोबर उलट शिळफाट्याची पार्लरवाली. स्कूटरवरून येते, लिपस्टिक लावत खेळते, आणि तिच्या चोरट्या बाईला जगातला कुठलाच नियम लागू नाही असा तिचा ठाम विश्वास. एकदा वाड्याच्या दारात दैत्य उभा. काका म्हणाले, तलवार नाहीतर मंत्र. ही म्हणाली, "ताई, मी त्याच्या भिवया करते."

"काय करतेस?"

"भिवया गं. एवढ्या जाड भिवया, कोणी कधी हात लावला नसंल बिचाऱ्याला. दोरा हाय माझ्याकडं."

काकांनी पुस्तक चाळलं. भिवयांचा नियम नव्हता. मी म्हटलं, चौदा किंवा वर पडला तर दैत्य मान वर करून बसेल. पडले सोळा. दैत्य डोळे मिटून बसला, डोळ्यातून पाणी काढत, आणि बाकीचे त्याच्या मागून आत शिरले. त्या दिवशी काकाही इतके हसले की त्यांना ठसका लागला. नंतर मात्र वहीत लिहून घेतलं: "भिवया, चौदा." म्हणजे पुढच्या वेळी तो नियम!

आणि चौथा माझा दीर. कडावला आमचं एकत्र घर आहे, भाताची शेती आहे, तो माझ्या नवऱ्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटा. मी लग्न होऊन आले तेव्हा चौदाचा होता. त्याच्या लहानपणाची एकच गोष्ट आमच्या घरात पुन्हा पुन्हा सांगितली जाते आणि सगळे पोट धरून हसतात. कापणीनंतर शेतात क्रिकेट व्हायचं, सख्खे-चुलत मिळून पाच भाऊ मोठे, हा शेंडेफळ, म्हणून याला लिंबूटिंबू धरायचे. आउट झाला तरी आउट नाही, आणि त्याच्या रना कोणी मोजायच्या नाहीत. गंमत म्हणजे तो मोठा झाला, मिशी फुटली, तरी हे त्याला लिंबूटिंबूच धरत राहिले. एकदा त्यानं बॅट विहिरीत फेकली होती. या जागी सगळे सर्वांत जास्त हसतात. तो हसत नाही.

पुढेही त्याचं तसंच झालं. दहावीला गणितात ग्रेसचे मार्क मिळून सुटला. खोपोलीतल्या कंपनीत नोकरी लागली ती सासऱ्यांनी कोणाला तरी शब्द टाकला म्हणून. बायको मावशीनं बघितली, बाइक भावानं दिली. मुलगा चांगला आहे हो, कामाला वाघ आहे. पण त्याला सगळं कोणीतरी सांभाळून घेतलेलं मिळालं, आणि हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मीही त्यातलीच. सुक्या बोंबलांतला शेवटचा तुकडा मी वर्षानुवर्षं त्याच्याच ताटात टाकत आले आहे.

तर काकांनी एक दिवस मरणाचं पान आणलं. पुण्याच्या पुतण्यानं इंटरनेटवर शोधून दिलं. आणि प्रिंट काढली ती दुसऱ्या दुकानातून! माझ्या तोंडावर! मी म्हटलं, "काका, माझ्याकडचा प्रिंटर काय पूजेला ठेवलाय?" ते म्हणाले, "तुझ्याकडे दिलं असतं तर पान पुन्हा चिकटलं असतं."

पान वाचलं. जीव शून्यावर, तीन फासे, कमी पडले तर मेला. आणि एका घावात फारच खाली गेला तर तेही नाही, जागीच मेला. काकांनी मतदान घेतलं. पार्लरवाली म्हणाली, मला काय, मी मरतच नसते. दीर म्हणाला, "असू दे नियम. त्याशिवाय काय मजा?" तीन विरुद्ध एक. सरपंच हरला.

मी खेळताना समोर लग्नपत्रिकांच्या नमुन्यांचा मोठा आल्बम उभा करून ठेवते. बाहेरून बघणाऱ्याला सोनेरी गणपती आणि सनई-चौघडे दिसतात, आणि आडोशाला माझे नकाशे, राक्षसांचे जीव, माझे फासे. माझे फासे मी आल्बमच्या आड टाकते आणि फक्त आकडा सांगते. पुस्तकानंच तशी मुभा दिली आहे, काकांनासुद्धा पटलेली. आतापर्यंत मी त्यात कधीच खोटं बोलले नव्हते. कशाला बोलेन? दया करायची तर उघड करत होते. मरणाचं पान आलं आणि मी खोटारडी झाले.

घाटाची लढाई त्यानंतर दोन महिन्यांनी झाली. खिंडीत साखळी टाकून एक राक्षस बसलेला, येणाऱ्या-जाणाऱ्याकडून टोल म्हणून एकेक बोट घेणारा. आमच्या भागातल्या माणसाला टोलचा राक्षस समजवावा लागत नाही, सगळे चवताळून उठले. पण राक्षस मी जरा जास्तच तगडा केला होता. काकांचा जादूगार बेशुद्ध, पार्लरवालीची चोर दरीत लोंबकळतेय, आणि साखळीपुढे दिराचा योद्धा एकटा उभा. त्याचे जीव उरले तीन. राक्षसाचा सोटा लागला तर कमीत कमी बारा जाणार, म्हणजे जागीच मेला. तेरा किंवा वर पडले तर सोटा लागणार.

तो पळू शकत होता. मी तसं सुचवलंही. "मागची वाट मोकळी आहे हं," म्हटलं.

"नाय," तो म्हणाला. "मी हितंच हाय. टाक."

मी टाकला. सतरा.

मी आल्बमच्या वरून त्याच्याकडे बघितलं. दोन्ही हात काउंटरवर टेकवून उभा होता, बसायचंही विसरलेला. आणि मी म्हटलं, "सहा. हुकला."

त्यानं आपला फासा टाकला, सगळ्यांसमोर, उघडा. पडले वीस! काकांनी टाळी वाजवली. पार्लरवाली दरीत लोंबकळता लोंबकळता किंचाळली. राक्षस मेला, साखळी तुटली, आणि माझा दीर माझ्या दुकानात लॅमिनेशनच्या मशीनभोवती नाचला.

त्यानंतर ती गोष्ट मी किती वेळा ऐकली याला हिशेब नाही. कंपनीच्या कँटीनमध्ये त्यानं ती सांगितली. साखरपुड्यात होणाऱ्या बायकोला सांगितली, आणि ती शहाणी मुलगी, "मग?" म्हणत ऐकत राहिली. वाढदिवसाला मित्रांनी कडावच्या नाक्यावर फ्लेक्स लावला: घाटातल्या राक्षसाचा कर्दनकाळ. गावातल्या एका म्हाताऱ्यानं सासऱ्यांना थांबवून विचारलं, पोरानं बिबट्या मारला का काय. फ्लेक्सचं डिझाइन कोणी केलं? मी. खोटं बोलून भागलं नाही, वर त्याला सोनेरी बॉर्डर लावली.

आणि एकदा बाइकवरून घरी जाताना, मी मागे बसलेली, तो मान वळवून म्हणाला, "वैनी, एक सांगू? बाकी सगळं मला कोणी ना कोणी दिलं. घाटातला राक्षस तेवढा माझा हाय." मी म्हटलं, पुढे बघ, खड्डा आहे. दुसरं काय म्हणणार? घरी पोचून मी सासूबाईंवर उगाच ओरडले.

तीन वर्षं हे असं चाललं. आणि एकदा खोटं बोलून थांबले असते तर गोष्ट वेगळी. आता तर त्याला मारायची माझी हिंमतच होईना. तो मेला तर घाटाची गोष्टही त्याच्याबरोबर संपणार. त्याच्यावर मोठा घाव आला की माझा सोळा पाच व्हायचा, अठरा आठ व्हायचा. काकांचा जादूगार दरम्यान एकदा मेला, रीतसर, पान नंबरासकट. काकांनी त्याच्यासाठी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळली आणि नवा जादूगार काढला. दिराचा योद्धा मात्र मरेना. तो म्हणायचा, "माझं नशीब जबरी हाय." सगळे मान डोलवायचे.

फुटलं ते अगदी फालतू कारणानं. या मार्चमधला रविवार. दलदलीतला साप योद्ध्यावर झेपावला, मी फासा टाकला, आणि पार्लरवाली तेवढ्यात पर्समधला छोटा आरसा काढून, अंग तिरकं करून काजळ पुसत होती. मी म्हटलं, "सात." ती आरशात बघतच म्हणाली, "सात कुठं गं ताई? एकोणीस हायत."

मग तिच्या लक्षात आलं. "उलटं दिसत असंल," ती म्हणाली, "आरसा हाय ना." तोवर काका खुर्चीतून उठून आल्बमच्या वरून डोकावले होते. एकोणीस सरळ उलट कसेही बघितले तरी सात होत नाहीत.

दीर आधी हसला. "वैनी, तू पण ना!" मग हसू थांबलं. मला त्याचा चेहरा दिसत होता आणि त्याच्या डोक्यात काय चाललंय तेही दिसत होतं, तो एकेक रविवार मागे जात होता.

"आन् घाटातला?" त्यानं विचारलं.

तेव्हा लगेच सहा म्हटलं असतं तर निभावलं असतं. मी म्हटलं नाही. मी स्टेपलर उचलला, खाली ठेवला.

"किती हुते?"

"सतरा," मी म्हटलं.

"सतरा," तो म्हणाला. काउंटरवरचा आपल्या योद्ध्याचा कागद उचलला, त्याची घडी घातली. "म्हंजे हितं पण मी लिंबूटिंबूच."

आणि शटरखालून वाकून निघून गेला. मी मागे धावले तोवर बाइक सुरू झाली होती. काका म्हणाले, "म्हणून सांगत होतो, नियम..." मी त्यांना म्हटलं, काका, आत्ता तुम्ही नियमाचं नाव काढलंत तर हा आल्बम डोक्यात घालीन. पार्लरवाली रडायला लागली, सगळं काजळ गालावर आलं. मी दुकान बंद केलं.

घरी जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडला असता तर मी भांडून मोकळी झाले असते. तो व्यवस्थित बोलायचा, फक्त कामापुरतं. आपलं ताट आपण घासायला लागला. सासऱ्यांनी कंपनीतल्या बदलीसाठी कोणाला फोन करायला मोबाइल हातात घेतला तर म्हणाला, "नको. मी सोता बोलतो." दुपारच्या जेवणात मी सवयीनं शेवटचा बोंबील त्याच्या ताटात टाकला, तर त्यानं तो उचलून पुन्हा भांड्यात ठेवला. "सगळ्यांएवढंच वाढ," म्हणाला. माझा नवरा म्हणाला, "काय झालं रं तुमचं? खेळच ना शेवटी?" मी त्याला म्हटलं, तू गप भात खा. याच माणसानं त्याला मिशी फुटेपर्यंत लिंबूटिंबू धरला होता.

त्या तीन आठवड्यांत मी स्वतःशी खूप वाद घातले. त्याच्यासाठीच केलं ना मी? मेला असता तर काय भलं झालं असतं? सगळी उत्तरं माझ्याच बाजूची निघायची. मग एक दिवस मशीनवर कोणाच्या तरी सातबाऱ्याच्या कॉपी काढता काढता मला खरं काय ते कळलं, आणि लाज वाटली. सतरा पडल्यावर मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा मला भारी वाटलं होतं. याचा जीव माझ्या हातात आहे आणि हे त्याला कळणारही नाही, याची मजा आली होती मला. भिवयांच्या वेळी मी आकडा सगळ्यांसमोर सांगितला होता, फासा पडायच्या आधी. घाटात मी तो पडल्यावर बदलला, एकटीनं. नियम वाकवला म्हणून माझं चुकलं नव्हतं. माझं चुकलं ते तो राक्षसासमोर उभा राहिला होता आणि मी त्याला उभंच राहू दिलं नाही.

तिसऱ्या रविवारी तो आला. अडीच वाजले होते, आम्ही तिघं नुसतेच चहा पीत बसलो होतो. तो शटरखालून वाकून आत आला, खिशातून घडी केलेला कागद काढला, उलगडून काउंटरवर ठेवला.

"घाट परत," म्हणाला. "माझे तीन जीव. तेरा नायतर वर पडले तर मेलो. तू टाक, समोर."

काकांनी पुस्तक उघडलं. "असं करता येत नाही," ते म्हणाले. "झालेला डाव परत घ्यायचा नियम पुस्तकात नाही."

"पुस्तकात नाय ते सरपंच ठरवंल. असंच हाय ना? ठरव, वैनी."

मला नाही म्हणायचं होतं. देवाशपथ सांगते, तोंडावर आलं होतं. पण त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "ठीक आहे. घाट परत." आल्बम मिटून खाली ठेवला. पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्या आणि त्यांच्या मध्ये काही नव्हतं, नुसती काउंटरची काच.

तो दोन्ही हात टेकवून तसाच उभा राहिला. मी टाकला. फासा घरंगळत गेला, स्टेपलरला आपटला, फिरला आणि थांबला.

पंधरा.

"आपटला!" काका ओरडले. "स्टेपलरला आपटला, धरायचा नाही! पोरी, पुन्हा टाक!" आयुष्यभर लाल म्हणजे लाल म्हणणारा हा माणूस, डोळ्यात पाणी आणून, दोन्ही हातांनी फासा झाकून उभा होता.

"पुस्तकात हाय का, काका?" दिरानं विचारलं.

काका पुस्तकाकडे बघत राहिले, हात फाशावरच.

"नाय ना? मग लाल म्हंजे लाल. हात काढा."

काकांनी हात काढले. पंधराच होते. मी रडत होते, सरळ रडत होते, त्यात लपवायचं काय? त्यानं फासा उचलून माझ्यासमोर ठेवला. मग खुर्ची ओढून बसला. "सांग आता," म्हणाला. "कसा मेलो ते सांग. नीट सांग, घाई करू नको."

मग मी सांगितलं. सोटा कसा उठला, त्याच्या ढालीवर कसा आला, ढाल कशी फुटली, आणि तो साखळीवर कोसळला पण हातातली साखळी सोडली नाही, ते सगळं. मी इतक्या गोष्टी सांगितल्यात त्याला, पण इतकी मन लावून त्यानं एकही ऐकली नव्हती. शेवटी त्यानं पेन घेतलं, कागदावर योद्ध्याच्या नावावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: घाटात मेला, समोरासमोर.

"पण मग," पार्लरवाली नाक ओढत म्हणाली, "त्यानंतर तू मला दोनदा वाचवलंस त्याचं काय? म्हंजे मी पण मेले का?"

काका पुस्तक चाळायला लागले. दीर म्हणाला, "तुमी जगा की. ते माझं भूत हुतं समजा." आणि तीन आठवड्यांनी पहिल्यांदा मी त्याला हसताना बघितलं.

पुढच्या रविवारी तो कागदावर नवीन माणूस लिहून घेऊन आला. योद्धा नाही, एक भटका मासेवाला, सुरुवातीचे जीव फक्त तीन. आल्बम कपाटात होता. पहिल्याच वळणावर गवतातून एक टीचभर भूत उठलं, हातात विळा. मी फासा सगळ्यांच्या नाकासमोर टाकला. अठरा. मी तोंड उघडलं आणि जे पडलं होतं तेच म्हटलं.

"अठरा. लागला. दोन जीव गेले."

त्यानं फाशाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि उठून उभाच राहिला, खिशातून मोबाइल काढून बायकोला फोन लावला. "अगं ऐक," तो ओरडत होता, सगळं तोंडभर हसू, "वैनीनं मारलं मला! अगं, खरंखरं मारलं!"

तेवढ्यात शटरखालून एक गृहस्थ आधार कार्ड धरून अर्धे आत आले आणि तिथेच वाकलेले थांबले, त्याच्याकडे आणि माझ्याकडे बघत. मी डोळे पुसले. म्हटलं, "दोन मिनिटं थांबा हं. याचा अजून एक जीव बाकी आहे."